जुन्या जर्मन मजकुरातली नाणी मराठीत आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनमधून मराठीत पत्रं, चरित्रं, खटल्यांचे कागद किंवा लोककथा आणणाऱ्यांची गाडी हमखास अडते ती पैशाच्या आकड्यापाशी. टालर, गुल्डन, ग्रोशन, क्रॉइत्सर, हेलर, बात्सन... १८७१ पूर्वी जर्मनी हे एक राज्य नव्हतं. डझनावारी राज्यं आणि मुक्त शहरं आपापली नाणी पाडत, आणि एकाच नावाच्या नाण्याची किंमत शंभर कोसांवर बदलत असे. म्हणून सगळ्या उत्तरांच्या मुळाशी एकच सांगणं आहे: मजकूर कुठल्या गावचा आणि कुठल्या सालचा, हे कळल्याशिवाय आकड्याला हात लावू नका.

थेट आजच्या रुपयांत रक्कम दिली तर काय बिघडतं?

पुष्कळ बिघडतं. ऑग्सबर्गमधल्या फुगेराई वसाहतीचंच बघा. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये गरजू कुटुंबांसाठी ती स्थापन केली आणि घराचं वर्षाचं भाडं ठरवलं एक ऱ्हाइनी गुल्डन. वसाहत अजून नांदती आहे, भाडंही तेच आहे, आणि आजच्या चलनात ते ०.८८ युरो धरलं जातं. हा आकडा जुळतो तो असा: १८७३ च्या कायद्याने दक्षिण जर्मन गुल्डनचे सुमारे १ मार्क ७१.४ फेनिग झाले, आणि २००२ मध्ये युरो हातात आला तेव्हा १.९५५८३ मार्कांना एक युरो हा दर होता. भागाकार करा, ८८ सेंट येतात. मधे १९२३ आणि १९४८ साली जुना मार्क मातीमोल होऊन नवं चलन आलं, ते या हिशेबात धरलेलंच नाही.

कागदावर चोख, पण अर्थाच्या दृष्टीने शून्य. कारण १५२१ चा ऱ्हाइनी गुल्डन सोन्याचा होता, त्यात अडीच ग्रॅमच्या आसपास शुद्ध सोनं असे. अडीच ग्रॅमचा आजचा भाव सराफाकडे विचारा आणि तो ८८ सेंटशेजारी ठेवून पाहा. दोन्ही उत्तरं 'एक गुल्डन म्हणजे किती' याचीच आहेत. तुम्ही कंसात रुपये लिहिता तेव्हा यातलं एक उत्तर वाचकाच्या नकळत निवडून मोकळे होता. शिवाय पुस्तक दहा वर्षं टिकलं तर तेवढ्यात रुपयाही बदललेला असतो.

मग वाचकाला अंदाज कसा यायचा?

त्याच मजकुरातल्या दुसऱ्या आकड्यावरून. हा मार्ग सगळ्यात प्रामाणिक, आणि बहुतेक वेळा उपलब्धही असतो.

संगीतकार योहान सेबास्टियान बाखने २८ ऑक्टोबर १७३० रोजी आपल्या बालमित्राला, गेओर्ग एर्डमानला, लाइपझिगहून लिहिलेलं पत्र घ्या. त्यात तो म्हणतो की आपल्याला इथे साधारण ७०० टालर मिळतात. एवढं वाचून मराठी वाचकाला काहीच बोध होत नाही. पण पत्र पुढे चालतं. ही मिळकत ठरीव नाही. शहरात नेहमीपेक्षा जास्त माणसं मेली की अंत्यविधीच्या संगीताचे पैसे वाढतात आणि हवा निरोगी असली की घटतात. आदल्या वर्षी अशा 'चांगल्या हवे'पायी शंभराहून जास्त टालर बुडाल्याची त्याची तक्रार आहे. वर तो हेही सांगतो की ट्युरिंगियात ४०० टालरमध्ये जे भागतं, ते लाइपझिगच्या महागाईत दुपटीतही भागत नाही.

आता वाचकाकडे मोजपट्टी आली. ७०० ही रक्कम बरी आहे, पण या शहरात पुरत नाही, आणि तिचा सातवा हिस्सा लोकांच्या आरोग्यावर टांगलेला आहे. यात रुपयाचं नाव काढायची गरजच पडली नाही. अनुवादकाचं काम इतकंच, की हे तिन्ही आकडे एकाच एककात आणि स्वच्छ दिसतील असे ठेवणं. एक आकडा टालरमध्ये आणि दुसरा 'काही शे रुपये' असा केलात तर पत्राचा कणाच मोडतो.

मजकुरात दुसरा आकडा नसेल तर त्याच शहरातली, त्याच दशकातली मजुरी किंवा धान्याचा भाव शोधा आणि तळटीपेत द्या. प्राग १६२० आणि बर्लिन १८२० यांची सांगड घालू नका.

एका टालरचे ग्रोशन किती?

कुठे आणि केव्हा यावर. १८२१ पूर्वीच्या प्रशियात २४ ग्रोशन, आणि ग्रोशनचे १२ फेनिग. १८२१ पासून तिथे ३० सिल्बरग्रोशन, प्रत्येकी १२ फेनिग. सॅक्सनीत १८४१ पासून ३० नॉयग्रोशन, पण तिथे ग्रोशनचे फेनिग १० च. हानोवर-ब्राउनश्वाइगकडे जुन्या हिशेबात ३६ मारीएनग्रोशन. ब्रेमेनमध्ये तर ग्रोशन नाहीच, ७२ ग्रोटं.

कागदावर साल नसेल तर बेरीज तपासा. समजा जमाखर्चाच्या वहीत दोन रकमा आहेत: ३ टालर १७ ग्रोशन ९ फेनिग, आणि २ टालर ११ ग्रोशन ८ फेनिग. फेनिग झाले १७, म्हणजे १ ग्रोशन ५ फेनिग. ग्रोशन झाले १७ + ११ + १ = २९. खाली कारकुनाने एकूण ६ टालर ५ ग्रोशन ५ फेनिग लिहिलं असेल तर तो २४ चा हिशेब आहे. ५ टालर २९ ग्रोशन ५ फेनिग लिहिलं असेल तर ३० चा. हातच्याचा आकडा सगळं सांगून जातो. रुपये-आणे-पैच्या जुन्या वह्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यात नवं काही वाटणार नाही.

अनुवादात ही बेरीज दुरुस्त करायला जाऊ नका. मराठी आवृत्तीच्या संपादकाने दशमान पद्धतीने बेरीज करून 'चूक' काढणं आणि अनुवादकाने मान डोलावणं, हे सहज होऊ शकतं. पहिल्या पानावरच टीप देऊन ठेवा.

गुल्डन सोन्याचा की चांदीचा?

शब्दाचा अर्थ 'सोन्याचा', आणि मध्ययुगात तो खरंच सोन्याचा होता. योहान फुस्टने गुटेनबर्गला छापखान्यासाठी कर्ज दिलं ते ८०० गुल्डन, नंतर आणखी ८००. ६ नोव्हेंबर १४५५ च्या नोटरीच्या कागदात तो वाद नोंदलेला आहे. ते गुल्डन सोन्याचे.

मोत्सार्टला १७८७ च्या अखेरीस व्हिएन्नाच्या दरबारात नोकरी मिळाली, पगार वर्षाला ८०० गुल्डन. आकडा तोच, शब्दही तोच, पण हा गुल्डन चांदीचा आणि ६० क्रॉइत्सरचा. १७५३ च्या करारानंतर कोलोन मार्क नावाच्या वजनातून (सुमारे २३४ ग्रॅम) असे २० गुल्डन निघत. म्हणजे एकात पावणेबारा ग्रॅमच्या आसपास चांदी. दोघांच्या चरित्रांत 'आठशे सुवर्णमुद्रा' असं लिहिलं तर गुटेनबर्गच्या बाबतीत चालून जाईल. मोत्सार्टला मात्र रातोरात श्रीमंत करून ठेवाल.

ढोबळ नियम: १५०० च्या आधी बहुधा सोन्याचा, १६०० नंतर बहुधा चांदीचा किंवा नुसता हिशेबाचा. मधलं शतक डोळ्यांत तेल घालून वाचा.

टालर आणि गुल्डन एकाच पानावर आले तर?

उत्तरेचा माणूस दक्षिणेत आला की असं होतं. जुन्या साम्राज्याच्या हिशेबात टालर ९० क्रॉइत्सरचा, गुल्डन ६० चा, म्हणजे टालर दीड गुल्डनचा. १८३७ च्या म्युनिक करारानंतर दक्षिणेत प्रशियन टालर पावणेदोन गुल्डनचा, म्हणजे १०५ क्रॉइत्सरचा. १८५७ नंतरचा ऑस्ट्रियन गुल्डन वेगळा, तो १०० क्रॉइत्सरचा, आणि टालर त्याच्या दीडपट. प्रवासवर्णनात नायक सीमा ओलांडतो तिथेच एक छोटी टीप पुरते.

'मार्क' तरी सोपा असेल?

वरवर सोपा, म्हणूनच जास्त फसवा. १८७३ चा मार्क सगळ्यांना माहीत असतो: १०० फेनिगचा, सोन्यावर आधारलेला, तीन मार्कांना एक जुना टालर. १ जानेवारी १८७६ पासून तो साऱ्या साम्राज्याचा झाला. गंमत म्हणजे टालरची नाणी तीन मार्क म्हणून १९०७ पर्यंत चालत राहिली. त्यामुळे १८९० च्या बर्लिनमध्ये कुणी टालर मोजला तर लेखकाची चूक समजू नका. दहा फेनिगला लोक ग्रोशन म्हणतच राहिले.

पण हाम्बुर्ग आणि ल्युबेकमध्ये त्याआधी शेकडो वर्षं मार्क होता, १६ शिलिंगांचा, शिलिंग १२ फेनिगांचा. हाम्बुर्गला त्यातही दोन प्रकार: बाजारात फिरणारा मार्क कुरांट, आणि १६१९ मध्ये स्थापन झालेल्या बँकेच्या खातेवहीत असणारा मार्क बांको. बांको हे नाणं नव्हतंच, ती खात्यावरची नोंद. व्यापाऱ्याने 'दहा हजार मार्क बांको दिले' असं लिहिलं असेल तर मराठीत त्याच्या हातात थैली देऊ नका.

आणि मार्क हे चांदीचं वजनही होतं. मध्ययुगीन दंडाच्या रकमेत 'चांदीचे दोन मार्क' म्हटलं तर नाणी मोजली गेली असतील असं नाही, तुकडे तोलले गेले असतील.

ग्रोशनचा आणा आणि फेनिगची पै केली तर?

ऐतिहासिक कागदात, अजिबात नको. आणे सोळा, ग्रोशन चोवीस किंवा तीस. पहिल्याच बेरजेला सोंग उघडं पडतं. शिवाय १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतर जन्मलेल्या वाचकाला आणाही परकाच. परक्याची ओळख परक्याकडून करून द्यायची कशाला?

रंगभूमीवर मात्र वेगळा न्याय. ब्रेख्तच्या १९२८ च्या नाटकाच्या नावात तीन ग्रोशन आहेत. पु. ल. देशपांड्यांनी त्याचं मराठी रूप केलं 'तीन पैशाचा तमाशा', १९७८ साली. तिथे 'तीन' आणि क्षुल्लकपणा महत्त्वाचा, फेनिगांचा हिशेब नाही. आणि 'पैशाचा तमाशा' वाचताना कानाला जो दुसरा अर्थ लागतो तो 'तीन ग्रोशन'मध्ये कुठून येणार? रूपांतराला ही मोकळीक असते. दस्तऐवजाच्या अनुवादाला ती नाही.

म्हणी आणि वाक्प्रचारांतल्या नाण्यांचं काय करायचं?

तिथे नाणं खुशाल टाकून द्या. 'हेलर आणि फेनिगपर्यंत' कर्ज फेडलं म्हणजे आपल्याकडे पै न पै चुकती केली. एखादी वस्तू 'एका हेलरच्या लायकीची नाही' म्हणजे ती कवडीमोल. 'बात्सन' हे एके काळी चार क्रॉइत्सरचं नाणं, पण 'पैशांचा बात्सन' म्हणजे घसघशीत रक्कम. 'ग्रोशन पडला' हे नाणं टाकून चालवायच्या यंत्रावरून आलं, आपण म्हणतो ट्यूब पेटली. पण १८०० सालच्या पात्राच्या तोंडी ट्यूब पेटवू नका. तिथे 'डोक्यात प्रकाश पडला' बरं.

एकच सावधगिरी: पात्र खरोखर हेलर मोजत असेल, आणि लेखक त्यावर शब्दखेळ करत असेल, तर नाणं ठेवावं लागतं.

लहान मुलांच्या गोष्टीत टालर ठेवू का?

ग्रिम बंधूंच्या ताऱ्यांच्या गोष्टीत अनाथ मुलीवर आकाशातून तारे पडतात आणि ते असतात कडक, चकचकीत टालर. इथे 'सोन्याच्या मोहरा' लिहायचा मोह होतो, चित्रकारही पिवळा रंग वापरतात. पण टालर चांदीचा. ताऱ्यांचा रंगही चांदीचाच. 'खणखणीत बंदे रुपये' हे मला सगळ्यात जवळचं वाटतं: बंदा रुपया चांदीचा असे, वाजवून घेतला जाई, आणि मुलांना वाचून दाखवताना कानाला गोड लागतो. तळटीप नको. मुलं तळटीप वाचत नाहीत आणि आजीला चष्मा शोधावा लागतो.

एकोणिसाव्या शतकातली रक्कम त्या काळच्या रुपयाशी ताडून पाहता येते का?

काही दशकांपुरती येते. १८३५ च्या कंपनी रुपयात सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी होती, प्रशियन टालरात सुमारे १६.७ ग्रॅम. दोन्ही चलनं चांदीवर चालत होती, त्यामुळे टालर म्हणजे साधारण दीड रुपया, ही तुलना १८७० पर्यंत बऱ्यापैकी टिकते. १८३० च्या मुंबईचा किंवा पुण्याचा एखादा पगार माहीत असलेल्या वाचकाला ती उपयोगी पडेल.

पुढे जर्मनीने सोन्याचा मार्क स्वीकारला, जुनी चांदी बाजारात विकायला काढली, इतर देशही त्या वाटेने गेले, चांदीचा भाव कोसळला आणि त्याबरोबर आपला रुपयाही. तेव्हा १८७३ नंतर हे गणित विसरा.

टालर की थालर? फेनिग की प्फेनिष?

टालर. जुन्या स्पेलिंगमधला 'एच' उच्चारात नव्हता आणि १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेनंतर तो लिहिण्यातूनही गेला. फेनिग रुळलेलं आहे, तेच ठेवा. गुल्डन, ग्रोशन, हेलर. 'क्रॉइत्सर' जरा दातांत अडकतो पण पर्याय नाही. अनेकवचनात शब्द बदलू नका: एक टालर, सात टालर.

हस्तलिखितात रकमेपुढे विचित्र खुणा दिसतात, त्या काय?

रोमन 'एफ-एल' म्हणजे गुल्डन, फ्लोरेन्सच्या फ्लोरिनवरून आलेली खूण. 'एक्स-आर' किंवा नुसती फुली म्हणजे क्रॉइत्सर, त्या नाण्यावर क्रूस असे. 'आर-टी-एच-एल-आर' म्हणजे राइक्सटालर. शेपूट वळवलेला 'डी' म्हणजे फेनिग, लॅटिन 'डेनारियस'वरून आलेला. मराठीत या खुणा नकलू नका, पूर्ण शब्द लिहा.

शिलिंग आणि पौंड दिसले म्हणजे इंग्रज आले का?

नाही. मध्ययुगात पौंडाचे २० शिलिंग आणि २४० फेनिग ही हिशेबाची पद्धत जर्मन प्रदेशांतही होती. बव्हेरियात 'लांब' शिलिंग ३० फेनिगांचा, म्हणजे पौंडाचे ८ च शिलिंग. इंग्रजी पौंडाशी गल्लत टाळायला 'फेनिगांचा पौंड' म्हणा.

१९२३ च्या महागाईचे आकडे मराठीत कसे लिहावेत?

इथे चलनापेक्षा संख्याच घात करते. जर्मन 'मिलिआर्डं' म्हणजे अब्ज, शंभर कोटी. जर्मन 'बिलिओन' म्हणजे मात्र लाख कोटी. इंग्रजी वळणाने वाचून 'बिलियन' समजलात तर हजारपटीने चुकाल, आणि इंग्रजी मध्यस्थ अनुवादावरून काम करणाऱ्यांकडून हे व्हायची भीती जास्त.

२० नोव्हेंबर १९२३ ला एका डॉलरला ४.२ बिलिओन मार्क पडत होते: चार लाख वीस हजार कोटी. महायुद्धापूर्वी डॉलर ४.२० मार्कांचा होता, म्हणून नवा रेंटेनमार्क लाख कोटी जुन्या मार्कांना दिला गेला आणि शून्यं नीट उडाली. फेब्रुवारी १९२४ ची तारीख असलेली १०० बिलिओनची नोटही आहे. आपल्या भाषेत एक कोटी कोटी. आपली लाख-कोटीची भाषा या वर्षासाठी चांगली कामाला येते, तिचा वापर करा. शून्यांच्या रांगा लावू नका.

आणि या वर्षात नुसतं साल पुरत नाही, महिना लागतो, शरदात तर दिवस. जानेवारीत डॉलर सुमारे १८ हजारांचा होता. रोजनिशीत 'पाव आणायला दोन हजार' असेल तर तारीख मजकुरातच राहू द्या.

पूर्व जर्मनीतला मार्क वेगळा दाखवायचा का?

हो. नाव अधिकृतपणे दोनदा बदललं, पण वाचकाला 'पूर्वेचा मार्क' आणि 'पश्चिमेचा मार्क' एवढं पुरतं. कादंबरीत कुणी पश्चिमेचे वीस मार्क लपवून ठेवले असतील तर ते लपवणं कळण्यासाठी हा फरक लागतोच. १ जुलै १९९० नंतर पूर्वेतही पश्चिमेचाच.

ऑनलाइन गणकयंत्रं भरवशाची आहेत का?

जर्मन मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, १८१० पासूनच्या रकमांची आजच्या युरोतली क्रयशक्ती देणारा तक्ता प्रसिद्ध करते. स्वतःच्या समजुतीसाठी तो उत्तम. त्यावरून ढोबळ अंदाज घ्यावा, अनुवादात आकडा उतरवू नये. १८१० च्या आधीच्या काळासाठी असा आकडा पैशापर्यंत अचूक देणारी संकेतस्थळं दिसली की मी पान बंद करतो.

जर्मन मजकुरात चक्क 'रुपी' आलाय. छापण्यातली चूक?

चूक नाही. मजकूर जर्मन पूर्व आफ्रिकेचा आहे का, बघा. तिथे हिंदी महासागराच्या व्यापारामुळे आपला रुपया आधीच चालत होता. जर्मन पूर्व आफ्रिका कंपनीने १८९० मध्ये त्याच धर्तीवर आपला रुपया पाडला, ६४ पेसांचा. पेसा म्हणजे आपला पैसाच. १९०४ मध्ये तो १०० हेलरचा केला आणि १५ रुपयांना २० मार्क असा दर बांधून दिला. हिंदुस्थानात तेव्हा १५ रुपयांना एक पौंड होता आणि पौंड वीस मार्कांच्या थोडा वर, त्यामुळे दोन्ही रुपये जवळपास समान राहिले.

मराठीत पहिल्या उल्लेखाला 'जर्मन पूर्व आफ्रिकेचा रुपया' लिहा, पुढे नुसता रुपया. पेसाचा पैसा करायला हरकत नाही, पण हेलर हेलरच ठेवा, कारण वाचक शंभरांवरून चौसष्टांवर घसरला तर दारेसलामच्या हमालाची मजुरी चुकीची निघेल.